कूलरला खिडकी लागते

मे २०२४ संपता संपता नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि बघता बघता तो आकडा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचला. हवामान खात्याने तपासणी केली, सेन्सरमध्ये दोष निघाला, नोंद बाद झाली. आपल्या शहराचा उच्चांक म्हणून सांगितला जातो तो २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. पण मोकळ्या हवेत खोटा ठरलेला तो ५६ चा आकडा भर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत दर उन्हाळ्यात खरा होतो. बर्डीपासून बुटीबोरीपर्यंत रोज होतो, आणि त्याची बातमी होत नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा उन्हाळा आपल्यासारखाच कोरडा आणि कडक. तिथल्या संशोधकांनी बाहेर ३८ अंशांच्या वर असताना गाड्या तासभर उन्हात ठेवून आतलं तापमान मोजलं होतं. ते मोजमाप २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बाहेरच ४५-४६ असतं, तेव्हा आतलं गणित कुठे जात असेल ते ज्याने त्याने मांडावं. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, त्यांनी सोडलेली उष्णता काचेतून तशीच परत जात नाही, आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. त्याच प्रयोगात सावलीत ठेवलेल्या गाडीतली हवा ३८ वर आणि डॅशबोर्ड ४८ वर होता. सिव्हिल लाइन्समध्ये कडुलिंबाखाली जागा मिळावी म्हणून लोक दोन फेऱ्या जास्त मारतात, ते अगदी बरोबर करतात.

अशा गाडीचं दार उघडलं की पहिली ऊर्मी काय असते? पटकन आत बसायचं, काचा लावायच्या, एसी फुल करायचा. मला ही सवय मोडावीशी वाटते, कारण तिच्यात एसीवर अन्याय आहे आणि आपल्यावरही. आत साठ अंशांच्या आसपासची हवा कोंडलेली असताना तीच हवा फिरवून फिरवून थंड करायला लावण्यापेक्षा ती आधी बाहेर काढून टाकणं कितीतरी सोपं. एका बाजूची काच पूर्ण खाली करायची आणि समोरच्या बाजूचं दार चार-पाच वेळा उघडमीट करायचं. आतली कोंडलेली हवा भसाभसा निघते, चेहऱ्यावर जाणवते. मग गाडी सुरू करून, काचा निम्म्या खाली ठेवून, एसी लावून दोनेक मिनिटं चालवायची. बाहेरचे ४५ अंश त्या वेळी आतल्यापेक्षा थंडच असतात. तोंडाला येणारा झोत गार लागायला लागला की काचा वर. मूल मागे बसणार असेल तर बेल्टचं धातूचं कडं आधी आपल्या हाताने चाचपून बघायचं. कोवळ्या मांडीला ते चांगलंच भाजतं.

याच संदर्भात एक जुना निरोप दर मार्च-एप्रिलमध्ये कुटुंबाच्या ग्रुपवर येतो: गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, डॅशबोर्डमधून बेन्झिन निघतं, कॅन्सर होतो. तापलेल्या प्लास्टिकमधून काही वायू सुटतात हे खरं, नव्या गाडीचा जो वास म्हणतात तो त्यातलाच. पण त्या निरोपातले भयंकर आकडे कुठल्या अभ्यासातून आले ते कुणी दाखवत नाही. तरीही त्यातला ‘आधी काचा उघडा’ हा सल्ला चांगला आहे. उष्णतेचं कारण त्याला पुरेसं आहे. माझी विनंती एवढीच की भीती पुढे पाठवण्यापेक्षा सवय पुढे पाठवावी.

आता मूळ मुद्द्यावर येते. नागपूरकराला हवेचं शास्त्र कुणी वेगळं शिकवायला नको. आपल्या घराघरांत होळीनंतर कूलर उतरतात, टाक्या घासल्या जातात, जुनं गवत काढून नवं लागतं, कुठे वाळ्याचा वास सुटतो. आणि लहान पोराला विचारलं तरी ते सांगेल की कूलरला खिडकी लागते. समोरची खिडकी किलकिली नसेल तर कूलर कितीही जोरात चालवा, खोलीत दमटपणा भरतो, अंग चिकचिकतं, जीव घाबरा होतो. हवा एकीकडून आली तर दुसरीकडून गेली पाहिजे, हे ज्ञान आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मग गाडीत बसल्यावर आपण ते बाहेर का ठेवून येतो? माझ्या मते याचं कारण एसीची थंडी. अंगाला गार लागलं की हवा चांगली आहे असं आपण धरून चालतो. थंड हवा वेगळी आणि ताजी हवा वेगळी, हे कूलरपुढे बसलेल्या माणसाला कळतं, पण एसीपुढे बसलेल्याला कळत नाही.

माझ्या लहानपणी बाबांकडे पद्मिनी गाडी होती. तिच्या पुढच्या दारांना ती छोटी त्रिकोणी काच असायची, खिट्टी सरकवून तिरकी करायची. ती नेमकी किती तिरकी केली की वारा गळ्यावर येतो हे बाबांना बरोबर ठाऊक. उन्हाळ्यात अमरावतीला जायचं तर पहाटे चारला निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं. पुढे बंपरजवळ पाण्याची छागल टांगलेली. कापडातून पाणी झिरपायचं, वाऱ्याने वाळायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. त्या गाडीत आम्ही घामाघूम व्हायचो, धूळ खायचो, पण कोंदट हवेत कधी बसलो नाही. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. ४६ अंशांत म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना एसी जीव वाचवतो, त्याला चैन म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. पण त्रिकोणी काच गेली आणि तिच्या जागी एक बटण आलं, ते बटण मात्र बहुतेकांनी कधी नीट पाहिलेलं नाही.

आपल्या गाडीत ते आहे. फॅनच्या गोल बटणाजवळ, एका गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. काही जुन्या गाड्यांत त्या जागी आडवा सरकवायचा दांडा असतो. एका टोकाला हा वळलेला बाण, दुसऱ्या टोकाला बाहेरून गाडीत शिरणारा बाण. वळलेला बाण म्हणजे आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरणार. शिरणारा बाण म्हणजे बाहेरची हवा येणार. हवा थंड करणारी यंत्रणा दोन्हींत तीच. फरक फक्त हवा कुठून घ्यायची याचा. आपल्याकडे गाडी शोरूममधून निघते तेव्हा कुणीतरी सांगतं, ‘मॅडम, हे दाबून ठेवा, कूलिंग चांगलं होते.’ सांगणाऱ्याचं चूक नसतं. थंड झालेली हवा परत थंड करायला कष्ट कमी पडतात, म्हणून आतली हवा फिरवली की गारवा लवकर येतो. पण ‘दाबून ठेवा’ हे वाक्य आपण जन्मभरासाठी घेतो.

समृद्धी महामार्गावर त्याची किंमत कळते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आता सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईपर्यंत खुला आहे. सरळसोट काँक्रीट, ताशी १२० ची मर्यादा, मैलोन्मैल वळण नाही. गाडीत पाच माणसं, पोटात सावजी किंवा पुरणपोळी, मागचे तिघं मान टाकून झोपलेले, गाणी हळू आवाजात आणि हवेचं बटण आतल्या फेऱ्यावर. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण चार टक्के असतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास. भरलेल्या गाडीत बाहेरची हवा बंद ठेवली तर अर्ध्या-पाऊण तासात तो काही हजारांवर जाऊ शकतो. डोकं जड होतं, जांभया येतात, लक्ष थोडं सैल पडतं. झोपेची बाकी कारणंही खरी आहेत: रात्रीचं जागरण, जेवण, त्या रस्त्याचा एकसुरीपणा. जागरण झालेल्या माणसाला ताजी हवा जागं ठेवू शकत नाही, त्याने थांबून झोपच घ्यायला हवी. पण बाकीची कारणं असताना त्यात कोंदट हवेची भर आपण आपल्या हाताने का घालायची?

मी महामार्गावर बाहेरची हवा चालू ठेवते. भर उन्हाळ्यात कूलिंग कमी पडलं तर आतला फेरा लावते आणि पंधरा-वीस मिनिटांनी काही वेळ बाहेरची हवा घेते. एक-दोन अंशांचा गारवा कमी होतो, होऊ दे. काही नव्या गाड्या हा बदल आपोआप करतात, पण आपली गाडी करते का हे पुस्तिकेत बघितल्याशिवाय गृहीत धरू नये. शेजारी बसलेल्याने एक काम अंगावर घ्यावं: चालवणाऱ्याने दुसरी जांभई दिली की ते बटण बघायचं, आणि तिसरी दिली की गाडी थांबवायला लावायची.

शहरात मात्र उलट वागावं लागतं. कामठी रोडवर पुढे काळा धूर सोडणारा ट्रक असेल, किंवा कुठे सिमेंट रस्त्याचं काम चालू असेल आणि पांढरी धूळ उडत असेल, तेव्हा बाहेरची हवा घेणं म्हणजे ते सगळं छातीत भरून घेणं. अशा वेळी आतला फेराच योग्य. सिग्नलला मागे-पुढे गाड्या खेटून उभ्या असतात तेव्हाही. ट्रक मागे टाकला, सिग्नल सुटला, की बटण परत उघडायचं. कूलर असलेल्या घरातली बाई दारातून धुराळा उठला की खिडकी लावते आणि तो बसला की उघडते, कुणी सांगायची वाट बघत नाही. तेवढंच लक्ष इथे हवं.

आता लग्नसराईबद्दल. आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये लॉनवर लागतात, मुहूर्त भर दुपारचाही असतो. वर्धा रोडवरच्या एका लॉनबाहेर मी गाड्यांच्या रांगेतून चालले होते. एका गाडीचं इंजिन चालू, काचा गच्च बंद, पुढची सीट पूर्ण मागे पाडून चालक गाढ झोपलेला. काचेवर टकटक केली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तो उठला.

“काय झालं जी ताई?”

“दादा, गाडी चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. धूर आत येतो.”

“एसी चालू आहे नं ताई, कायचा धूर?”

“तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. इंजिनातून निघतो. झोपेत माणसाला कळतसुद्धा नाही.”

तो उठून बसला, चेहरा पुसला. मग म्हणाला, “मंग झोपाव कुठी? मांडवात तं पाय ठेवाले जागा नाई.”

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न योग्य होता. मी ज्या धुराबद्दल बोलत होते तो कार्बन मोनॉक्साइड. इंजिनात इंधन पुरतं जळलं नाही की तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो, म्हणजे श्वास चालू राहतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जागा माणूस या खुणांवरून सावध होऊन बाहेर पडू शकतो. झोपलेल्याला ती संधीच नसते. गाडी चालत असताना धूर मागे राहतो, वारा त्याला घेऊन जातो. उभ्या गाडीचा धूर गाडीखाली आणि भोवती साचतो. सायलेन्सरच्या पाइपला कुठे भोक असेल, एखादा रबरी जोड सुटलेला असेल, गाडी भिंतीला पाठ लावून उभी असेल, तर तो आत शिरायला वेळ लागत नाही. एसी चालू आहे ही गोष्ट इथे काही कामाची नाही. एसी हवा थंड करतो, विषारी वायू गाळत नाही.

त्या दिवशी आत जाऊन मी यजमानांच्या भावाला गाठलं. लॉनच्या मागच्या बाजूला, जिथे भांडी घासत होते, तिथे एक जादा कूलर पडून होता. तो लावला, दोन सतरंज्या टाकल्या, पाण्याचा कॅन ठेवला. चालक लोक आले, पडले. आता आमच्या घरच्या कार्यात जेवणाच्या पंगती लागायच्या आधी चालकांच्या जागेची व्यवस्था होते. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी हे करावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. पाहुण्यांना सुखरूप घरी नेणारा माणूस तो आहे.

याच वायूमुळे बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये ‘गाडी जरा गार होऊ दे’ म्हणून इंजिन चालू ठेवून जाऊ नये, मोबाइलवरून गाडी सुरू करायची सोय असली तरीही. आणि सामान मावत नाही म्हणून डिक्की दोरीने अर्धवट बांधून निघू नये. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिक्कीतून आत ओढला जातो. बॅटरीवरच्या गाडीला धूर नाही, तेवढ्यापुरती ती सुरक्षित. आतल्या श्वासांचा हिशेब तिलाही चुकलेला नाही.

मागच्या एका उन्हाळ्यात आमच्या गाडीतून हवा येईना. फॅन चारवर, आवाज मोठा, झोत मात्र फुंकर घातल्याएवढा. आपल्याकडे असं झालं की पहिलं निदान ठरलेलं असतं, गॅस संपला. मेकॅनिकने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, गॅस नाई सरला. हवा थंडच आहे, पण येऊनच नाई राहिली.” त्याने डॅशबोर्डमधला समोरचा कप्पा उघडला, दोन्ही बाजूंनी दाबून पूर्ण खाली सोडला, मागची एक आडवी पट्टी काढली आणि त्यातून हवेचा फिल्टर ओढला. मूळचा पांढरा असणार. बाहेर आला तो राखाडी, घड्यांमध्ये वाळलेली निंबाची पानं, गुलमोहराची एक चिंब होऊन वाळलेली पाकळी आणि उंदराने कुरतडलेल्या स्पंजचे तुकडे. मग त्याने बॉनेट उघडून काचेखालची वायपरजवळची जाळी दाखवली. बाहेरची हवा तिथूनच आत येते. त्या जाळीत बोटाच्या दोन पेरांएवढा पाला साचला होता.

तेव्हापासून निंबाची पानगळ सुरू झाली की मी ती जाळी हाताने साफ करते. दोन मिनिटांचं काम आहे. फिल्टर वर्षातून एकदा, किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलतात. आपल्या धुळीत तो वर्षाआधीच बघावा, उन्हाळ्याच्या तोंडावर बघितलेला उत्तम. आणि गॅस खरंच भरायचा झाला तर कोणता भरताय हे विचारावं. बॉनेटखाली एक लेबल असतं, त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, नव्या काहींत आर-१२३४वायएफ. स्वस्तात काम करून देतो म्हणून कुणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा पेट घेणारा वायू भरत असेल तर तिथून गाडी घेऊन निघावं. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, आपल्या गुडघ्यांसमोर असते. तिच्यातून गळती झाली तर तो वायू बसायच्या जागेतच येणार.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा. चिखलदऱ्याला जाताना परतवाडा सोडून घाट लागला की जुलैत काच धुकटते. दादा चालवत होता, वहिनी ओढणीने काच पुसत होती, पुसलेली काच तिचा हात खाली येईपर्यंत पुन्हा पांढरी. पाऊस पडतोय म्हणून बाहेरची हवा बंद, गार वाटतंय म्हणून एसीही बंद. पाच माणसांच्या श्वासातला आणि ओल्या कपड्यांतला सगळा ओलावा त्या थंड काचेवर येऊन बसत होता. वहिनीला म्हटलं, आतून बोट फिरवा. रेघ उमटली, म्हणजे धुकं आतलं. त्यावर उपाय एसीच, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. गाडीखाली जे पाणी ठिबकतं ते तेच. एसी लावला, बाहेरची हवा उघडली, झोत पुढच्या काचेवर वळवला, आणि थंडी वाजू नये म्हणून तापमानाचं बटण लाल बाजूला थोडं नेलं. खालून वर, दोन्ही कोपऱ्यांपासून काच स्वच्छ होत गेली.

बोट फिरवून रेघ उमटली नाही तर धुकं बाहेरून आहे. नागपुरात ऑगस्टच्या उकाड्यात ते होतं: आतून काच खूप थंड झालेली, बाहेर दमट हवा. तेव्हा झोत काचेवरून काढायचा, गारवा कमी करायचा आणि वायपर एकदा फिरवायचा. दोन्ही धुक्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी बोट. पावसाळ्यात घर जवळ आलं की शेवटची चार-पाच मिनिटं एसी बंद करून नुसता फॅन चालवला तर कॉइल वाळते, कुबट वास धरत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे हीटर लावताना एवढंच: तो इंजिनाच्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे इंजिनाच्या तापमानाचा काटा थोडा चढू द्यावा. आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये, हे थंडीतही तितकंच लागू आहे.

या सगळ्यापेक्षा जास्त मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते आता लिहिते. जून २०२३ मध्ये पाचपावली भागातल्या फारुकनगरातून तीन लहान मुलं नाहीशी झाली. शोधाशोध झाली. ती सापडली घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत, आणि तिघंही गेलेली होती. खेळता खेळता आत शिरली असावीत आणि दार उघडता आलं नसावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यांच्या आईबापांचं दुःख माझ्या शब्दांत मावणारं नाही आणि मी प्रयत्नही करणार नाही. पण त्यानंतर उभी गाडी मला पूर्वीसारखी दिसत नाही.

आत असलेल्या मुलाच्या बाबतीत वेळ फार वेगाने सरतो. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं होतं की बंद गाडीत तासाभरात जेवढं तापमान चढतं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच चढतं, आणि काच दीड इंच खाली ठेवल्याने त्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं की उष्माघात. ॲरिझोनाच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलाचं गणित मांडलं होतं: उन्हातल्या गाडीत तासाभरात, सावलीतल्या गाडीत दोन तासांत ते मूल तिथवर पोचेल. सावली वेळ वाढवून देते, वाचवत नाही. म्हणून ‘काच थोडी उघडी ठेवलीय’, ‘झाडाखाली लावलीय’, ‘दोन मिनिटांत येते’ यातलं काहीही मुलाला गाडीत ठेवून जायला पुरेसं नाही. एसी चालू ठेवून जाणंही नाही. इंजिन बंद पडू शकतं, मूल गिअरला हात लावू शकतं. धरमपेठेत एखाद्या दुकानापुढे असं मूल मागे बसलेलं दिसलं तर मी तिथेच थांबते. आई किंवा बाबा येतात, कधी रागावतात. रागावू दे.

आणि गाडीत कुणी नसतानाही ती लॉक हवी. अंगणात उभी असली तरी, फाटकाच्या आत असली तरी. किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशा खिळ्यावर नको. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ती दारं आतून उघडतच नाहीत, हे लहान मुलाला कळायला मार्ग नाही. मूल दिसेनासं झालं तर विहीर, टाकं आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्या, डिक्कीसकट, आधी बघायच्या.

आमच्या कॉलनीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली बरीच मुलं असतात. एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्यांना गाडीत बसवून मी शिकवलं: मागून पुढच्या सीटवर कसं यायचं, पुढच्या दाराची आतली खिट्टी कशी ओढायची, आणि तेही जमलं नाही तर स्टिअरिंगच्या मधोमध हॉर्न कसा दाबून धरायचा. प्रत्येकाने दाबून पाहिला. सगळ्यात धाकटीच्या एका हाताने तो वाजेना. दोन्ही तळवे ठेवून, पोटाने रेटून तिने वाजवला तेव्हा शेजारचे काका बाहेर आले. काय चाललंय ते सांगितल्यावर त्यांनी आपल्या गाडीची किल्ली आणली आणि म्हणाले, माझ्याही गाडीत पाहू. त्यांच्या गाडीचा हॉर्न किल्ली लावल्याशिवाय वाजला नाही. बऱ्याच गाड्यांत तो तसाच वाजतो, काहींत नाही. त्या गाडीत काय करायचं, तर धोक्याचे चारही दिवे लावणारं लाल त्रिकोणाचं बटण. ते किल्लीशिवायही चालतं. मुलांना ते एका झटक्यात सापडलं. आपापल्या गाडीत दोन्ही तपासून पाहा, आणि घरातल्या मुलांकडूनच तपासून घ्या.